झाकून उरलेलं

एप्रिल उजाडला की पुण्यातल्या बायकांना चेहरा उरत नाही. सिग्नलला शेजारी येऊन थांबलेल्या स्कूटीवर फुलाफुलांचा स्कार्फ, त्यावर गॉगल, कोपराच्या वर चढलेले हातमोजे आणि गुडघ्याखाली रुळणारा पांढरा सनकोट एवढा ऐवज बसलेला असतो. तो ऐवज मानेनं काहीतरी विचारतो, आपण मानेनंच काहीतरी सांगतो, आणि सिग्नल सुटल्यावर लक्षात येतं की ती आपली वहिनी होती. स्कार्फ बांधण्याचं कसब मात्र बघत राहावं असं. कपाळावरून घडी, नाकावरून एक वेढा, मानेमागे गाठ आणि कानाशी खोचलेलं टोक. आरसा नाही, टाचणी नाही, गाडीची किल्ली दातात. लग्नात फेटे बांधणाऱ्याला आपण बिदागी देतो. हिच्या वाट्याला पार्किंगमधून आलेलं ‘झालं का?’ एवढंच येतं.

इतका बंदोबस्त करूनही ऊन शिरायचं तिथून शिरतंच. सगळं झाकून झाल्यावर चपलेतली पावलं तेवढी उघडी राहतात, आणि पाऊस येईतो त्यांच्यावर पट्ट्यांची नक्षी उमटलेली असते. मला या सुटलेल्या जागांचं फार अप्रूप वाटतं. माणसाचा दिवस कुठे जातो हे त्या न विचारता सांगून टाकतात. खिडकीवर कोपर टेकवून वर्षानुवर्षं एसटी चालवणाऱ्याचा उजवा हात डाव्याहून जास्त रापलेला दिसतो. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे, म्हणून तिथे खेळ उलटा. तिथल्या एका ट्रकचालकाचा फोटो २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला होता. वय ६९, त्यातली २८ वर्षं ट्रकवर गेलेली. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला शोभेशी. डावी इतकी सुरकुतलेली की त्या बाजूनं त्याचे वडीलच बघताहेत असं वाटावं. ऊन चटका देतं ते मुख्यतः अतिनील ‘बी’ किरणांमुळे, आणि त्यांना खिडकीची काच बरीचशी अडवते. ‘ए’ किरण मात्र काचेतून आरामात आत येतात, कातडीत खोल उतरतात आणि तिची वीण हळूहळू उसवत बसतात. भाजत नाही, म्हणून कुणी जागचं हलत नाही. बंद काचेशी आरामखुर्ची टाकून दुपारभर पेपर वाचणाऱ्या काकांना हे सांगून पाहिलं, तर त्यांनी फक्त पान उलटलं.

आमच्या आजोबांचा सगळा भरवसा टोपीवर. शेतात, बाजारात, तालुक्याच्या कचेरीत, डोक्यावर ती असायचीच. जेवायला बसताना ती खुंटीवर गेली की खालून दुसरेच आजोबा निघत. भुवयांच्या वर दोन बोटांवर एक रेघ. रेघेखाली उन्हातान्हात करपून तांब्याच्या रंगावर गेलेला, मोजून बोलणारा माणूस, आणि रेघेवर एक गोरंपान, नितळ, कशाचीच कल्पना नसलेलं कपाळ. त्या कपाळाचं वय मी माझ्याएवढंच धरून चाललो होतो. रविवारी आजी त्यांच्या डोक्याला तेल चोळायची. टाळूवर चांगला जोर लावणारा तिचा हात रेघेवरच्या त्या पट्टीपाशी आला की आपसूक हलका व्हायचा. आजोबा डोळे मिटून म्हणत, “का, तिथं दुखतं का?” आजी उत्तर देत नसे.

आता घरात सनस्क्रीनची ट्यूब आली आहे. मावशी आमच्याकडे राहायला आली तेव्हा माझ्या मुलीनं तिला तिची शिकवणीच लावली. एसपीएफ ३० म्हणजे सुमारे ९७ टक्के ‘बी’ किरण अडतात, ५० म्हणजे ९८. “एका टक्क्यासाठी एवढे जास्तीचे पैसे?” मावशीनं तीसची ट्यूब पुढे ओढली आणि तीट लावावी तेवढी क्रीम बोटावर घेतली. “मावशीआजी, दोन बोटं भरून घ्यायची. आणि उन्हात असलीस तर दर दोन तासांनी परत.” “दर दोन तासांनी मी चहासुद्धा घेत नाही गं,” मावशी म्हणाली, पण लावली. नाकाच्या शेंड्यावर थोडी तशीच राहिली होती, ती आम्ही कुणी सांगितली नाही.

मग मे महिन्याच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस आला. पुण्यावर सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली क्षणभर पायाखाली गुडूप होते. कर्कवृत्ताच्या पलीकडच्या दिल्लीच्या नशिबी हे नाही, हे सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा सांगितलं. महिनाभर उन्हाला चुकवणारी अख्खी इमारत साडेबाराच्या सुमाराला गच्चीवर हजर: स्कार्फ, गॉगल, सनकोट, आणि मधोमध एक उभा केलेला पाइप. मावशी काळी छत्री उघडूनच वर आली. पोरांनी गलका केला, “आजी, छत्री मिटा ना! छत्रीचीच सावली पडतेय!”

मावशीनं छत्री मिटली, आपल्या पायांकडे पाहिलं, मग हात डोक्यावर नेला.

“लवकर आटपा रे,” ती म्हणाली, “भांगाला काही लावलेलं नाही मी.”