उजेडाची नाहरकत

मुंबई उपनगरातला आदिवासी मोठा नशीबवान. त्याचं चित्र उड्डाणपुलाच्या खांबावर असतं, स्टेशनच्या भिंतीवर असतं, सरकारी पाहुण्याला द्यायच्या भेटवस्तूवर तर हमखास असतं. मधोमध तारपा वाजवणारा वारली, भोवती फेर धरलेली माणसं आणि वरून मस्त फोकस मारलेला. त्या फोकसला कुणाची नाहरकत लागत नाही. ज्याचं चित्र काढलंय त्याच्या पाड्यावर एक खांब रोवायचा म्हटलं, की मात्र झोपलेली खातीसुद्धा खडबडून जागी होतात.

आरे दुग्धवसाहतीत असे २७ पाडे आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी अशी वस्ती. टेकडीपलीकडे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात नवापाडा, रावणपाडा, चुनापाडा, तुमणीपाडा. जमीन कुठे दुग्धविकास खात्याची, कुठे वनखात्याची, कुठे चित्रनगरीची, तर कुठे पशुवैद्यकीय महाविद्यालयाची. म्हशींचं खातं आहे, बिबट्यांचं आहे, नटनट्यांचं आहे. आरे वसाहत आली १९४९ साली, चित्रनगरी १९७७ साली. पाडे त्याच्या कितीतरी आधीचे. तरी परवानगी मागायची ती पाड्यानेच. काही पाड्यांवर मीटर पोचलेत, काहींच्या फायली अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरतात. चित्रनगरीत मात्र खोट्या गावाच्या सेटवर रात्री दोन वाजता सूर्य उगवतो.

अंधार म्हणजे इथे नुसती गैरसोय नव्हे. २०२१ साली आरेत बिबट्याने हल्ले केले. एका म्हाताऱ्या बाईने हातातल्या काठीने त्याला हुसकावलं, तो व्हिडिओ साऱ्या मुंबईने सोफ्यावर बसून पाहिला. पुढच्याच वर्षी दिवाळीत तिथेच एक तान्ही पोर बिबट्याने नेली. दिव्यांच्या सणात. काठीला नाहरकत लागत नाही, एवढीच काय ती सोय.

मग सौर दिवे लावा की, असं म्हणाल. सूर्य कुठल्याच खात्याच्या मालकीचा नाही. बरोबर, पण योजना खात्यांच्या आहेत.

पंतप्रधान सूर्यघर योजना घ्या. २०२४ साली आली, ७५,०२१ कोटींची, तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान. अट साधी : घर आपलं हवं आणि वीजजोडणी आधीच हवी. म्हणजे ज्याच्याकडे वीज आहे त्याला आणखी वीज. मुलुंडच्या सोसायट्यांनी फायदा जरूर घ्यावा. पाड्यावरच्या माणसाकडे छप्पर आहे, छपराचा कागद नाही.

आदिवासींसाठी खास म्हणून २०२३ साली पीएम-जनमन आलं. त्यात वीज नसलेल्या घराला ०.३ किलोवॅटचा सौर संच, घरामागे ५० हजारांची तरतूद. पण ती ‘विशेष असुरक्षित’ जमातींसाठी. महाराष्ट्रात अशा तीन : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. वारली यादीत नाहीत. एकाच वाटेवरच्या दोन झोपड्यांपैकी कातकऱ्याची असुरक्षित आणि वारल्याची सुरक्षित, हे बिबट्याला कुणीतरी कळवायला हवं. त्यानंतर २०२४ साली ७९,१५६ कोटींचं धरती आबा अभियान आलं. त्याच्या पूर्ण नावात ‘ग्राम उत्कर्ष’ आहे आणि आमच्या पाड्याचा पत्ता ‘गोरेगाव पूर्व’. शहरासाठी तो फार रानटी, गावासाठी फार शहरी.

आता उपनगराची वीज येते कुठून, तेही बघा. बीएसईएस ही १९२९ सालची उपनगरी वीजकंपनी. तिने डहाणूला ५०० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र उभारलं. केंद्र सरकारने १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि १९९५च्या सुमारास तिथली चिमणी धूर सोडू लागली. कंपनी पुढे रिलायन्सकडे गेली, २०१८ साली अदानींकडे. मालक बदलले, चिमणी तीच राहिली. आणि डहाणू म्हणजे वारल्यांचा मुलूख. वारली चित्रकलेला जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे तिथल्याच गंजाडचे. तर वारल्याच्या मुलखात कोळसा जळणार, त्यावर अंधेरीचा एसी चालणार आणि आरेतल्या वारल्याने एका बल्बसाठी अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचा.

हे कोळशाचं झालं. स्वच्छ विजेनेही कुणाला विचारलं नव्हतं. मुंबईला पाण्यावरची वीज मिळावी म्हणून मुळशीचं धरण बांधायला घेतलं, तेव्हा १९२१ साली मावळ्यांना सत्याग्रह करावा लागला. वीज काळी असो की हिरवी, ज्याची जमीन त्याचं मत शेवटी, तेही घेतलं तर.

खरं दुखणं हे न विचारण्याचं आहे. कॅनडात आदिवासी समूहांना सौर पाट्यांच्या आधी आराखडा करायला पैसे मिळतात : किती ऊर्जा हवी, कशासाठी हवी, देखभाल कोण करणार, हे त्यांनी बसून ठरवायचं. व्हँकुव्हर बेटावरच्या टी-सूक या चिमुकल्या समूहाने असा आराखडा करून २००९ साली ७५ किलोवॅटची यंत्रणा बसवली. (कॅनडाला लगेच ओवाळू नका, आदिवासी प्रमुखांचा विरोध डावलून गॅसची पाइपलाइन टाकणारा देशही तोच.) आपल्याकडे आराखडा म्हणजे कंत्राटदाराच्या टेम्पोत मावतील तेवढे दिवे. टेम्पो येतो, फोटो होतो, दोन पावसाळ्यांत बॅटरी मरते. मग खांब उरतो वाळत घातलेल्या कपड्यांसाठी आणि देणाऱ्याच्या वार्षिक अहवालात दिवा जळतच राहतो.

विचारायची सोय आपल्याकडे नाही असंही नाही. वनहक्क कायदा २००६चा. त्याच्या कलम ३(२) मध्ये वनजमिनीवर करता येणाऱ्या १३ सुविधा मोजून दिल्यात, त्यात विजेच्या तारा आहेत आणि अपारंपरिक ऊर्जेची साधनंही. त्यासाठी ग्रामसभेची शिफारस हवी. आता मुंबईत ग्रामसभा भरवायची कुठे, पी-दक्षिण वॉर्डात? अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याखालच्या ग्रामपंचायतींना महाराष्ट्राने २०१५ साली आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी अबंध म्हणून थेट दिला : तुमचं तुम्ही ठरवा, तुम्ही खर्च करा. डहाणूतल्या वारल्याला तो मिळतो. आरेतला त्याचा सोयरा मुंबईकर असल्यामुळे अपात्र. मुंबईकर असण्याचा एवढा तोटा मलबार हिलवर कुणाला झाल्याचं ऐकिवात नाही.

महापालिकेने २०२२ साली हवामान कृती आराखडा काढला, २०५० पर्यंत शहर नेट झिरो करायचं ठरवलं. पाडेवाल्यांनी त्यासाठी वेगळं काही करायला नको. ते कधीपासून झिरोच्या आसपासच आहेत.

तेव्हा मागणी एकच, आणि ती मुंबई उपनगरच्या जिल्हा नियोजन समितीला. पुढच्या वार्षिक आराखड्यात आरे आणि उद्यानातल्या पाड्यांच्या नावाने अबंध निधीची एक ओळ घाला. त्यातून आधी पाड्यांना त्यांचा ऊर्जा आराखडा करू द्या, मग दिवे. जनमनच्या दराने शंभर घरांच्या पाड्याला ५० लाख लागतात. गोरेगावात तेवढ्यात वन बीएचकेसुद्धा येत नाही. आणि त्या ओळीवर चर्चा करायची बैठक वांद्र्याच्या दालनात घेऊ नका. पाड्यावर घ्या, संध्याकाळी सातनंतर. येताना बॅटरी आपापली आणा.