पाच तास इकडे, पाच तास तिकडे

लेकीकडे न्यू जर्सीला जायचं ठरलं, तेव्हा मी नकाशावर मुंबईपासून पट्टी ठेवली. पट्टी अरबस्तान आणि आफ्रिका ओलांडून अटलांटिकात उतरली. हिने काही न बोलता माळ्यावरचा पृथ्वीगोल काढला आणि स्वेटरची लोकर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत ताणून धरली. लोकर आफ्रिकेकडे फिरकलीच नाही. रशिया, फिनलंड करत ती आइसलँडवरून निघून गेली. "गोलावर हाच जवळचा रस्ता." तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईशी वाद घालू नये, हे मी लग्नानंतर लवकरच शिकलो. अंतर भरलं सुमारे १२,५०० किलोमीटर. विमानं मात्र वारा आणि खालच्या देशांची भांडणं बघून वळसे घेतात, ते वेगळं.

आमचा खरा प्रवास सुरू झाला कोथरूडहून, शुक्रवारी संध्याकाळी पाचला. विमानतळ १५० किलोमीटर. "काका, तीन तासांत टच करतो," ड्रायव्हर म्हणाला. बोरघाटात एक टँकर आडवा पडला होता, ही गोष्ट त्याने हिशोबात धरली नव्हती. आम्ही तासभर एका ट्रकची पाठ वाचत बसलो. शेवटी हिने जावयासाठी केलेल्या चकल्यांचा डबा उघडला. ड्रायव्हरनेही चार घेतल्या. विमानतळावर पोहोचलो तेव्हा रात्रीचे दहा. घरी काट्यावर चोवीस किलो भरलेली बॅग काउंटरवर बरोबर तेवीस भरली, एवढाच काय तो टँकरचा उपकार.

विमान पहाटे दीडला सुटलं. समोरच्या पडद्यावर उरलेलं अंतर, वेग, बाहेरचे उणे पन्नास अंश, सगळं दिसत होतं. घाटात असा पडदा नसतो, हे बरं आहे. साडेपंधरा तास मी गुडघे आणि ही भाजणी सांभाळत बसलो. तक्रार कोणत्या तोंडाने करणार? १९४८ साली 'मलबार प्रिन्सेस' हे विमान ८ जूनला मुंबईहून निघालं, ते कैरो, जिनिव्हा करत लंडनला पोहोचलं १० जूनला.

नेवार्कला उतरलो तेव्हा तिथे सकाळचे साडेसहा, वार शनिवारच. हिवाळ्यात ते आपल्या साडेदहा तास मागे असतात. म्हणजे भिंतीवरच्या घड्याळांवर विश्वास ठेवला, तर मुंबई ते अमेरिका पाच तास आणि कोथरूड ते मुंबईही पाचच!

परतताना पश्चिमेकडून वाहणाऱ्या जेट प्रवाहाने विमानाला पाठीमागून ढकललं, चौदा तासांतच आणून सोडलं. पण दुपारी बाराला निघून उतरलो दुसऱ्या दिवशी साडेबाराला. जाताना उसने मिळालेले तास अमेरिकेने दारातच वसूल केले.

तुमचं विमान पहाटे दीडचं असेल, तर पुण्याहून आदल्या दिवशी दुपारी जेवून लगेच निघा. आणि चकल्यांचा डबा डिकीत नको, हाताशी ठेवा.