इथं होतं बघा

होतेकर ही ठाणे ते कल्याण या पट्ट्यात, त्यातही डोंबिवलीत, मोठ्या संख्येनं आढळणारी मनुष्यजात आहे. बँक, विमा कंपनी किंवा सरकारी खातं यांतून निवृत्त झाल्यावर तिला पूर्ण बहर येतो. लक्षणं मात्र नोकरीत असतानाच, लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धं टेकल्या टेकल्या दिसू लागतात. निसर्ग, इतिहास आणि रेल्वे या तिघांचा एकाच रविवारी फडशा पाडणारी बारा जणांची सहल काढणं, हे होतेकराचं जीवितकार्य. बाराच का, याचं त्याचं उत्तर ठरलेलं असतं: तेरावा माणूस मागे राहून भजी खातो.

पोशाख सर्वत्र सारखाच. डोक्यावर टोपी, अंगात आठ खिशांचं बिनबाह्यांचं जाकीट, गळ्यात शिट्टी, पाठीवरच्या पिशवीत लॅमिनेट केलेले नकाशे. पण ओळखण्याची खरी खूण वेगळी. इतर मार्गदर्शक समोर असलेली वस्तू दाखवतात; होतेकर नसलेली दाखवतो. उजव्या हाताची तर्जनी एखाद्या मोबाइलच्या दुकानावर, पार्किंगवर किंवा नुसत्या हवेवर रोखून तो म्हणतो, ‘‘इथं होतं बघा!’’ बारा माना तिकडे वळतात. तिकडे काहीच नसतं. होतेकराचा चेहरा मात्र समाधानानं फुललेला असतो. तिथे काही असतंच, तर ते सांगायला त्याची गरज काय होती?

सहल कालानुक्रमे आखलेली असते. रेल्वे ज्या क्रमानं पुढे सरकली त्याच क्रमानं माणसांनी सरकायचं: आधी १८५३चं ठाणं, मग १८५४चं कल्याण, मग १८५६मध्ये रूळ पोचले ते नेरळ आणि शेवटी १९०७चं माथेरान. डोंबिवलीच्या माणसांनी माथेरानला जाण्यासाठी आधी उलट्या दिशेनं ठाण्याला कशाला जायचं, असं प्रत्येक सहलीत कुणीतरी विचारतं. ‘‘मग काय, वहिनी, पुस्तक शेवटच्या पानापासून वाचायचं?’’ असं होतेकर विचारतो आणि विषय संपतो. परिणामी जमायची वेळ पहाटे सव्वापाच, जागा इंडिकेटरखाली. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२चं, म्हणजे इसवी सन १०६०चं. ते या क्रमात काही केल्या बसत नाही. बरीच वर्षं झोप उडवल्यावर होतेकरानं ते परिशिष्ट म्हणून परतीच्या वाटेवर टाकलं आहे.

पहिलं प्रवचन ठाण्याच्या फलाटावर. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, चारशेच्या आसपास निमंत्रित, चौतीस किलोमीटर, एकवीस तोफांची सलामी आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. ‘सुलतान’ म्हणताना होतेकर छाती अशी पुढे काढतो, जणू कोळसा त्यानंच टाकला होता. मग तर्जनी उठते. ‘‘इथं स्टेशन होतं बघा!’’

‘‘काका, अजून आहे,’’ गटातलं एखादं कॉलेजचं पोरगं म्हणतं.

‘‘हे नव्हे रे. ते!’’

दहा फलाटांच्या गर्दीतून ‘ते’ शोधण्याचा प्रयत्न बारा जण अर्धा मिनिट प्रामाणिकपणे करतात. तेवढ्यात कर्जत लोकल येते आणि त्यांतले तीन जण चुकून आत ढकलले जातात. ते पुढे कल्याणला भेटतात.

गावात शिरल्यावर होतेकराची थोडी पंचाईत होते. ठाणे हे शिलाहारांचं श्रीस्थानक. मासुंदा तलाव आहे, त्याच्या काठी कौपिनेश्वराचं देऊळ आहे, आणि दोन्ही चक्क दिसतात. तलावपाळीवरून तो घाईघाईनं गटाला पुढे काढतो. खरा मुक्काम मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीसमोर. पोर्तुगीजांनी १७३०च्या सुमारास बांधायला घेतलेला आणि १७३७मध्ये मराठ्यांनी जिंकलेला ठाण्याचा किल्ला तो हाच. किल्ला आहे, पण किल्ला म्हणून बघायला मिळत नाही. आत जायचं तर गुन्हा करावा लागतो. होतेकरासाठी याहून आदर्श वास्तू नाही. १८१६मध्ये पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच कैदेतून निसटला. खिडकीखाली घोड्याला खरारा करणाऱ्या मोतद्दारानं गाण्यातून त्याला निरोप पोचवला, अशी कथा आहे. ही कथा होतेकर साभिनय सांगतो. घोडा म्हणून फुटपाथलगत उभी असलेली कुणाची तरी स्कूटर घेतो, तिला रुमालानं खरारा करतो आणि भिंतीकडे बघत गुणगुणतो. पहाऱ्यावरचा शिपाई हळूहळू जवळ येऊ लागतो, तेव्हा ठाण्याचा इतिहास आटोपता घेतला जातो.

ठाणे–कल्याण हा टप्पा १ मे १८५४ रोजी सुरू झाला. खाडी ओलांडली की एका बाजूला पारसिकचा डोंगर. १९१६ सालचा सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा पारसिक बोगदा म्हणजे डोंबिवलीकरांच्या किमान तीन पिढ्यांचं बालपण. बोगदा आला की डब्यातली पोरं एकसुरात ओरडायची आणि थोरांनाही मनातून ओरडावंसं वाटायचं. २०२२मध्ये पाचवी-सहावी मार्गिका झाली, बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला आणि फास्ट लोकल मुंब्र्याच्या बाजूनं नव्या रुळांवरून धावू लागली. प्रवाशांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. होतेकरानं मात्र ती घेतली. भर उन्हात, उघड्या आभाळाखाली लोकल धावत असताना तो डोंगराकडे बोट करतो, ‘‘इथं अंधार होतो... होता बघा!’’ वाक्य मध्येच सावरावं लागतं, कारण सवय वर्तमानकाळाची आहे.

कल्याण त्याच्या खास जिव्हाळ्याचं. प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथ पेरिप्लसमध्ये या बंदराचा उल्लेख आहे. १६५७मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराची उभारणी या खाडीवर सुरू झाली. डॉ. आनंदीबाई जोशी १८६५मध्ये इथेच जन्मल्या. एवढं वैभव आणि त्यातलं डोळ्यांना दिसणारं फार थोडं, त्यामुळे स्टेशन ते दुर्गाडी किल्ला या रिक्षाच्या प्रवासात तर्जनी एकदाही आत येत नाही. रिक्षावाला दोनदा बजावतो, ‘‘काका, हात आत घ्या.’’ काका हात आत घेतात, पण डाव्या बाजूचा इतिहास राहून गेला म्हणून हळहळतात. दुर्गाडीवर उभं राहून ते खाडीकडे बोट दाखवतात: ‘‘इथं गलबतं होती बघा!’’ खाडीत एक रेतीची होडी दिसली, तरी बारा जण फोटो काढून घेतात.

नेरळला होतेकराच्या शिस्तीची कसोटी लागते. मिनी ट्रेनची खिडकीवर मिळणारी तिकिटं मोजकी, रांग अमर्याद. बहुधा सहा तिकिटं मिळतात. उरलेल्या सहा जणांना टॅक्सीनं दस्तुरी नाक्यावर पाठवून अमन लॉजहून शटलमध्ये बसवावं लागतं. या सहा जणांकडे होतेकर दिवसभर फितूर सरदारांकडे बघावं तसं बघतो.

गाडी मात्र खरोखरच बघण्यासारखी. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा पुरवला, मुलगा अब्दुल हुसेन यानं १९०४ ते १९०७ या काळात सोळा लाख रुपयांत मार्ग उभा केला. रुळांतलं अंतर दोन फूट, लांबी सुमारे एकवीस किलोमीटर, चढ काही ठिकाणी विसास एक, आणि वळणं इतकी की पुढच्या डब्यातल्या माणसाला मागच्या डब्यातल्या माणसाचं तोंड समोरून दिसतं. वेग ताशी वीस किलोमीटरच्या आत. वाटेत जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप ही स्थानकं. पूर्वी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची चार वाफेची इंजिनं हा डोंगर चढायची; आता डिझेल. वॉटर पाइपला होतेकर खाली उतरतो, बोट दाखवतो आणि ‘‘इथं इंजिन पाणी प्यायचं बघा!’’ म्हणून स्वतःची बाटली तोंडाला लावतो. मार्गावरचा एकुलता एक बोगदा ‘वन किस टनेल’ म्हणून प्रसिद्ध आहे. होतेकर त्याला ‘बोगदा क्रमांक एक’ म्हणतो. ‘‘दुसरा कुठाय, काका?’’ या प्रश्नावर तो नकाशात तोंड घालतो.

जुलै २००५च्या पुरात हा मार्ग वाहून गेला आणि २००७मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९च्या पावसात तो पुन्हा खचला. ऑक्टोबर २०२२मध्ये गाडी पुन्हा माथेरानला पोचली. मधली तीन वर्षं हा होतेकराचा सुवर्णकाळ. अख्खी रेल्वेच ‘होती’ झालेली. टॅक्सीतून चढताना वळणावळणाला त्यानं इतक्या उत्कटतेनं न येणारी गाडी दाखवली, की गाडी पुन्हा सुरू झाली त्या दिवशी त्याला पेढे वाटावेत की कसं, ते कळेना. दार्जिलिंग, निलगिरी आणि सिमला या डोंगरी रेल्वे जागतिक वारशात गेल्या, माथेरान राहिलं, हे मात्र त्याचं कायमचं दुःख. त्याबद्दल त्यानं युनेस्कोला लिहिलं आहे. मराठीत.

माथेरानात मोटारींना बंदी असल्यानं बोट दाखवताना अपघात होत नाहीत, ही मोठी सोय. मे १८५०मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढले आणि इंग्रजांच्या डोळ्यांत माथेरान भरलं. ‘‘म्हणजे हेही ठाण्याचंच,’’ असा निष्कर्ष होतेकर काढतो. पॉइंट तिसाहून अधिक असले, तरी गटाला एकही दिसत नाही, कारण स्टेशन बघण्यातच वेळ जातो. याच गावात १९१२मध्ये जन्मलेल्या आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झालेल्या भाई कोतवालांचा विषय निघाला, की मात्र तर्जनी खाली येते आणि टोपी हातात.

परिशिष्ट सायंकाळी. अंबरनाथचं मंदिर नऊशेहून अधिक वर्षं जागेवर उभं आहे. शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातला शिलालेख, भूमिज शैली, भिंतींवर इंचभरही रिकामी जागा न ठेवलेलं कोरीवकाम, पायऱ्या उतरून जावं लागणारं खोल गर्भगृह. सगळं साक्षात. होतेकर अस्वस्थपणे दोन प्रदक्षिणा घालतो. मग वर बघतो. शिखराचा माथा आज जागेवर नाही. ‘‘इथं शिखर होतं बघा!’’ हा दिवसातला सर्वांत मोठा उद्गार. बाकीचे जण तोवर देवळाबाहेर वडापाव शोधत असतात.

या जातीचा उपद्रव निर्विवाद आहे. तरी तिचं एक काम आहे, आणि ते करायला दुसरं कुणी पुढे येत नाही. या पट्ट्यात वाडा पडायला एक उन्हाळा पुरतो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथे काय होतं, हे शेजाऱ्यालाही आठवत नाही. जे येणार आहे ते सांगायला चौकाचौकात चाळीस फुटी फलक आहेत. विहीर बुजवून उभ्या राहिलेल्या संकुलाचं नाव ‘लेक व्ह्यू’ ठेवायला माणसं पगारावर आहेत. जे होतं ते सांगायला मात्र एक निवृत्त कारकून, स्वखर्चानं, घसा बसेपर्यंत. त्याच्या मागून फिरलेल्यांना पुढे कधीतरी ऑफिसला जाताना जेलची भिंत दिसते आणि डेंगळे आठवतो. ठाण्यात असं आठवणं सोपं नाही.

रात्री डोंबिवलीत फडके रोडवरून घरी जाताना होतेकर एका सात मजली इमारतीवरून जातो. तिच्या जागी कौलारू चाळ होती आणि तो तिथेच वाढला, हे गटातल्या जुन्या मंडळींना ठाऊक असतं. तिथे तो बोट दाखवत नाही. उलट हिशेबाचा विषय काढतो आणि चालण्याचा वेग वाढवतो.

हिशेब चोख असतो. रिक्षा, तिकिटं, चहा, दोनदा नाश्ता, सर्व रकाने भरून उरलेले माणशी सात रुपये नाणी घातलेल्या पाकिटातून परत केले जातात. ‘‘पुन्हा म्हणून यांच्याबरोबर जाणार नाही,’’ असं प्रत्येक जण जिन्यात चपला काढताना म्हणतो. त्याच रात्री पुढची घोषणा येते: थळ घाट, इगतपुरी, १८६५चा पूल, बारा जागा, कसारा लोकलनं, पहाटे पावणेपाच. अकराच्या आत दहा नावं लागलेली असतात. उरलेल्या दोन जागांसाठी वशिला सुरू होतो.