भंडाऱ्यात मेंढ्या पाळून सुखी कसे व्हावे

मोबाइलवर परदेशातली हिरवी टेकडी, तिच्यावरच्या पांढऱ्या मेंढ्या आणि दोरीवर वाळणाऱ्या रंगीत लोकरीच्या लडी पाहून ज्यांनी साकोली-लाखनीकडे दोन एकरांची चौकशी सुरू केली आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. बाकीच्यांनी वाचले तरी हरकत नाही. त्यांचे पैसे वाचतील.

प्रथम जमीन घ्यावी. भंडाऱ्यात जमीन म्हणजे बहुधा धानाची बांधी. तिच्यात पावसाळाभर पाणी उभे राहते. ते राहावे म्हणूनच तिला धुरे घातलेले असतात. दख्खनी मेंढी मात्र माळरानावरची. तिकडे 500-600 मिलिमीटर पाऊस झाला की वर्ष बरे गेले म्हणतात. इथे 1,200-1,300 मिलिमीटर पडतो, आणि हा तपशील खरेदीच्या वेळी मेंढीला कोणी सांगत नाही. कळप गाडीतून उतरताच शेजारचे काका विचारतील, "कायले आणले जी हे मेंढरं इकडे?" उत्तरात 'जोडधंदा' म्हणू नये, काका लगेच हिशेब विचारतात. 'छंद' म्हणावे. छंदाला हिशेब नसतो.

अनुदानाचा विचार मनात आला असेलच. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत 20 मेंढ्या आणि 1 नर असा गट 75 टक्के अनुदानावर मिळतो. मात्र ही योजना भटक्या जमाती-क प्रवर्गातल्या मेंढपाळांसाठी आहे. लवकर निवृत्ती घेतलेल्या संगणक अभियंत्यांचा प्रवर्ग शासनाने अजून काढलेला नाही.

आषाढात धानाची रोवणी सुरू होते. या दिवसांत गावात मजूर शोधू नये, शहाण्या माणसाने तर पाहुणाही शोधू नये. तुम्ही मेंढ्यांचे पाय तपासत बसावे. चिखलात खुरांच्या बेचक्यात सडते, वास येतो, मेंढी गुडघ्यांवर टेकून चरू लागते. मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवावेत. ते पाणी ती पिणार नाही हे मात्र पाहावे, कारण तांबे मेंढीला फार बाधते. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठचे कोवळे गवत दिसायला सुंदर असते. तिथेच पाण्यात गोगलगायी असतात, गोगलगायींच्या पोटात यकृतकृमी वाढतात, मग ते गवताच्या पात्यावर येऊन चिकटतात आणि मेंढीची वाट पाहतात. रोज सकाळी मेंढीची खालची पापणी बोटाने ओढून आतला रंग पाहावा. लालसर असेल तर चहा घ्यावा. पांढुरका असेल किंवा जबड्याखाली पाणी साचून पिशवी लोंबत असेल, तर चहा राहू द्यावा आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

मेंढ्यांच्या जोडीला वनौषधींचा वाफाही हवासा वाटतो; त्याबद्दल फार लिहीत नाही. रोपवाटिकेतून आणलेली नाजूक रोपे मेंढ्या एका दुपारी संपवतात. जनावरे ज्याला तोंड लावत नाहीत असा अडुळसा कुंपणाला लावावा. तरोटा लावायचीही गरज नाही. पहिल्या पावसाबरोबर तो धुऱ्यावर, रस्त्यावर, तुमच्या अंगणात आपणहून हजर होतो. कोवळ्या पानांची भाजी करावी. बी सांभाळून ठेवावे. दक्षिणेत निळीची हंडी आंबवायला ते वापरत असत. निळीची हंडी तुम्ही लावणार नाहीच, पण पाहुण्यांना सांगायला बरे.

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, आणि रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटके. या दिवसांत कोणतेही काम काढू नये.

आता रंग. हौशी मंडळी इथे आलीची झाडे लावायला निघतात. आलीच्या मुळांचा लाल रंग एके काळी मोठ्या व्यापाराचा होता. 1869 मध्ये जर्मनीत कृत्रिम ॲलिझरीन तयार झाले आणि तो व्यापार बसला. शिवाय मुळे काढण्याजोगी व्हायला तीनेक वर्षे लागतात. तेवढ्यात तुम्ही पुण्याला परतलेले असाल. त्यापेक्षा फाल्गुनात बाहेर पाहावे: न लावलेला, न पाणी दिलेला परस, म्हणजे पळस, बांधाबांधांवर पेटलेला असतो. फुले सावलीत वाळवावीत, रात्रभर भिजवावीत, सकाळी उकळून गाळावीत. किलोभर लोकरीला निदान तेवढीच वाळली फुले आणि 100 ते 150 ग्रॅम तुरटी लागते. लोकर आधी रिठ्याने धुऊन तिची चरबी काढावी, आणि उकळत्यातून थेट गार पाण्यात घालू नये; घातली तर लडीचा नमदा होतो. तुरटीवर पिवळा उतरतो, चिमूटभर चुना टाकला की केशरी होतो. हात मात्र दोन-तीन दिवस पिवळे राहतात, त्यामुळे गावभर हळद लागल्याची चर्चा होते.

एवढे सगळे झाल्यावर कळते, की दख्खनी मेंढीची लोकर बहुतेक काळी असते. भरड असते, आणि एका मेंढीमागे वर्षाला किलोभरही निघत नाही. घोंगडीला ती उत्तम, कारण घोंगडीला रंग द्यावाच लागत नाही. काळ्या लोकरीवर चढलेला केशरी रंग फक्त चढवणाऱ्यालाच दिसतो.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा. रंगवायचेच असेल तर मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावला जावे आणि विणकरांकडून कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, सूत घ्यावे. ते ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर पोसलेल्या किड्यांचे असते. त्या किड्यांना पाऊस नवा नाही आणि अनुदान तुम्हाला मागावे लागत नाही. परस फुकट आहे, तुरटी वाण्याकडे मिळते. मेंढ्या विकायचे ठरले तर मृगाआधीच विका. आषाढात लंगडत्या मेंढीला गिऱ्हाईक मिळत नाही.