आधी कर्ण मोजा

‘गुंठा फक्त अमुक लाख’ असे फलक पुण्याबाहेर पडणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर आहेत. त्यावर गुंठ्याचा भाव असतो, हप्ता असतो, स्टेशनपासूनचं अंतरही असतं. त्या गुंठ्यावर किती घर उभं राहील, हे मात्र एकाही फलकावर नसतं. घर बांधायला निघालेल्या माणसाने आधी तेच विचारायला हवं.

हिशेब करून बघू. गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1,089 चौरस फूट. महापालिका असो की नगरपालिका, घराभोवती बहुतेक वेळा जागा सोडावी लागते. किती सोडायची हे गावाप्रमाणे, रस्त्याच्या रुंदीप्रमाणे आणि प्लॉटच्या आकाराप्रमाणे बदलतं. समजा पुढे 10 फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना 5-5 फूट सोडले. मग बांधायला उरलं 23 बाय 18, म्हणजे 414 चौरस फूट. पैसे 1,089 चे मोजले आणि जोतं आलं 414 चं! 2020 च्या एकत्रीकृत विकास नियमावलीनुसार राज्यातल्या बऱ्याच शहरांत मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, 1.1 आहे. एजंट लगेच सांगतो, ‘बाराशे फूट बांधता येईल, साहेब.’ कागदावर येतं, पण 414 च्या जोत्यावर तेवढं बसवायचं तर तीन मजले चढवावे लागतात. तळमजला आणि वर एक मजला बांधणाऱ्याला 828 च मिळतात.

आता भाव लावा. जमीन 2,000 रुपये चौरस फूट धरली तर गुंठा 21,78,000 चा. बांधकामही 2,000 नेच धरू, म्हणजे 828 फुटांचे 16,56,000. एकूण 38,34,000. नऊ इंची बाहेरच्या भिंती वजा केल्या की दोन मजल्यांत मिळून आत 710 चौरस फूट उरतात. जिना आणि आतल्या भिंती काढल्यावर जेमतेम 600. दोन हजारांची जमीन आणि दोन हजारांचं बांधकाम मिळून प्रत्यक्ष वावरायच्या जागेचा भाव पडला जवळजवळ 6,400. यात मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी फी नाही, कंपाउंडची भिंत नाही, बोअर नाही, सेप्टिक टँक नाही. ठेकेदाराचा दर बहुतेक वेळा स्लॅबच्या क्षेत्रावर असतो आणि यातलं बरंचसं त्यात धरलेलं नसतं. म्हणून त्याला दर विचारण्याआधी ‘दरात काय नाही’ याची यादी मागा.

हे झालं चौकोनी, काटकोनी प्लॉटचं. प्रत्यक्षात प्लॉट तसे क्वचितच असतात आणि खरा घात तिथेच होतो. गावात जागा मोजायची सर्रास पद्धत अशी: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. काटकोनी चौकोन सोडून इतर कोणत्याही चौकोनात हा गुणाकार खऱ्या क्षेत्रापेक्षा जास्तच येतो. चूक दरवेळी एकाच बाजूला झुकते आणि तोटा दरवेळी घेणाऱ्याचाच होतो. 30 फूट आणि 40 फूट बाजूंचा प्लॉट घ्या. गुणाकार 1,200. पण कोपरा 90 ऐवजी 70 अंशांचा असेल तर खरं क्षेत्र भरतं 1,128. बाजू त्याच, टेप तोच, 72 चौरस फूट गायब. दोन हजारांच्या भावाने ते झाले 1,44,000 रुपये.

हे पकडायला इंजिनीअर लागत नाही. दोघांनी टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजावेत. 30-40 चा प्लॉट गुण्यात असेल तर दोन्ही कर्ण बरोबर 50 फूट भरतात. वरच्या तिरक्या प्लॉटचे भरतील सुमारे 41 आणि साडेसत्तावन्न. कर्ण जुळले नाहीत तर एका कर्णाने प्लॉटचे दोन त्रिकोण करा आणि शाळेतल्या सूत्राने दोघांचं क्षेत्रफळ काढा. ज्या मालकाला कर्ण मोजू द्यायची घाई नसते, त्याच्याकडे इसार द्यायची घाई आपणही करू नये.

कागदावरची एककंही एकमेकांशी जुळत नाहीत. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये, बोलणी गुंठ्यात, बाजारमूल्याचा सरकारी दर चौरस मीटरवर आणि ठेकेदार चौरस फुटात. ‘आर म्हणजेच गुंठा’ असं सांगितलं जातं. आर 100 चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे 1,076 चौरस फूट, गुंठा 101.17 चौरस मीटरचा. एका गुंठ्याला फरक 13 फुटांचा, दहा गुंठ्यांना सव्वाशेचा. सगळं चौरस मीटरमध्ये आणून एकाच कागदावर लिहिलं की निम्मी गडबड मिटते. मुद्रांक शुल्क प्रत्यक्ष किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांतल्या जास्त रकमेवर बसतं. तेव्हा ‘स्वस्तात मिळाली’ म्हणून शुल्क कमी होईल, हे गृहीत धरू नका.

पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन, सातबारावर वेगळा लिहिलेला असतो, तो वाचा. एकूण क्षेत्रात ओढ्याचा काठ धरलेला असेल तर ओढ्यावर घर बांधता येत नाही. अंतर्गत रस्ता प्लॉटच्या क्षेत्रात मोजला आहे का, हेही विचारा. ‘रस्त्यासह गुंठा’ म्हणजे तुमच्या कुंपणाच्या आत गुंठा नाही. काळ्या मातीच्या प्लॉटला तर वेगळाच खर्च. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया खाली मुरमापर्यंत किंवा कडक थरापर्यंत न्यावा लागतो. शेजारच्या घराला पाया किती खोल घेतला, हे तिथल्या गवंड्याला विचारा. भावातली सूट त्या खड्ड्यात जाऊ शकते.

आणि सामाईक सातबारा. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे. त्याला वळसा घालायला दहा जणांना एकत्र आणून एक मोठा तुकडा विकतात आणि प्रत्येकाला चुन्याची फक्की मारून ‘हा तुमचा’ म्हणून दाखवतात. कागदावर तुमचा फक्त हिस्सा असतो. तो नेमका कुठला कोपरा, हे कुठेच लिहिलेलं नसतं. 2001 चा गुंठेवारी कायदा अशाच वस्त्या नियमित करण्यासाठी आणावा लागला आणि 2021 मध्ये त्याची मुदत वाढवावी लागली. ज्यांनी आयुष्याची पुंजी अशा फक्कीत घातली त्यांचा राग मला येत नाही. तो येतो फक्की मारणाऱ्याचा, आणि ती दिसत असूनही गप्प बसणाऱ्या यंत्रणेचा.

शासकीय मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात मालकाच्या नावाने होतो. तो मालकाला करायला लावा, फी गरज पडली तर आपण भरा आणि हद्दी कायम होताना जागेवर स्वतः उभे राहा. साठेखतात एकूण रक्कम ठोक लिहू नका. चौरस मीटरचा दर लिहा आणि त्याखाली हे एक वाक्य घाला: ‘अंतिम किंमत मोजणी नकाशातील क्षेत्राप्रमाणे ठरेल; क्षेत्र कमी भरल्यास त्या प्रमाणात रक्कम कमी होईल.’ वकील हे मागेपुढे न करता लिहून देतात, पण बहुतेक वेळा आपण सांगितल्याशिवाय नाही.