तेलकाका

बंगळुरूच्या इंदिरानगरात पावसाचे चार थेंब पडले की शंभर फुटी रस्त्यावर गाडी कुठे अडकणार, या चिंतेने लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. तेलकाकांचा चेहरा मात्र उजळतो. पाऊस म्हणजे भजी. ती त्यांना खायची नसतात. बायपासनंतर काकूंनी त्यांचं तळण कायमचं बंद केलंय. पण आज घरोघरी कढया चढणार म्हणजे उद्या तेल उरणार, या हिशेबाने ते लगेच प्लास्टिकचा कॅन कोरडा पुसायला घेतात.

निवृत्तीनंतर माणसाला काही ना काही चावतंच. कुणाला गांडूळखत चावतं, कुणाला सोसायटीची घटना. एचएएलमध्ये उभी हयात इंजिनांशेजारी काढलेल्या आमच्या काकांना वापरलेलं तेल चावलं.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक उपकरण असतं. दिसायला जाडजूड थर्मामीटर. गणपतीत तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तळणीचे मोदक काढत होत्या, तेव्हा काका दर्शनाला म्हणून आले आणि देवाआधी कढईपाशी गेले. दांडी गरम तेलात बुडवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि जमलेल्या मंडळींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “एकोणीस!” तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ध्रुवीय संयुगं साठत जातात आणि त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल बाद; १ जुलै २०१८ पासून तसा नियमच आहे, हे त्यांनी आरती सुरू होईपर्यंत समजावलं. वहिनींनी झारा खाली ठेवला नाही. “काका, तो नियम हॉटेलांना. माझ्या कढईला नाही. मोदक खाणार का?” काकांनी काकूंकडे पाहिलं आणि नाही म्हणाले.

काकांची खरी अडचण वेगळीच आहे. मराठी घर तेल उरूच देत नाही. पुऱ्यांचं तेल गाळून फोडणीला, फोडणीतून उरलं तर थालीपिठाला, तळाशी राहिलेलं कुरकुरणाऱ्या बिजागरीला. एवढ्या खटपटीनंतर काकांच्या हाती येतं ते वाटीभर. ती वाटी ते दुधासारखी जपत लिफ्टमधून खाली नेतात.

म्हणून मग इस्तरीचा बुशशर्ट घालून बारावा मेन रोड गाठायचा. तिथल्या पबांच्या पुढच्या दाराशी तरुण मंडळींची रांग आणि मागच्या दाराशी आमचे काका. इतक्या वर्षांत त्यांना कन्नड जेमतेम तीन वाक्यं येतं, त्यातली दोन तेलाविषयीची. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तळणीचं तेल लागतं का? लागत असेल तर १ मार्च २०१९ पासून नोंदवही ठेवायला हवी आणि वापरलेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यायला हवं, वही कुठाय? आतून ठरलेलं उत्तर येतं, “ओनर इल्ला, सार.” हसण्यासारखं आहे, पण प्रश्न बरोबर आहे. मोठ्या फ्रायरमधलं काळं तेल स्वस्तात विकलं गेलं की ते हातगाडीच्या कढईत शिरतं आणि तिथून कुणाच्या तरी पोटात. ते पोटाऐवजी इंजिनात जावं म्हणून तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८मध्ये ‘रुको’ ही मोहीम काढली.

इंजिनाचा विषय निघाला की काका थेट पॅरिसला पोचतात. १९०० सालचं जागतिक प्रदर्शन, तिथलं डिझेल इंजिन, आणि ते चाललं कशावर? “शेंगदाण्याच्या तेलावर!” हे ते अशा अभिमानाने सांगतात, जणू शेंगा जळगावहून गेल्या होत्या. तेलात मिथेनॉल आणि थोडा अल्कली घातला की वर बायोडिझेल आणि खाली ग्लिसरीन वेगळं होतं, हे त्यांना पाठ आहे. घरी करून बघायचाही बेत होता. मिथेनॉल विषारी आणि भडका उडणारं, हे काकूंनाही पाठ होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “ती बाटली दारातून आत आली की मी पुण्याला.”

मग तडजोड म्हणून साबण आला. कॉस्टिक सोड्याचं पाणी काकांनी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कालवलं. पातेलं फसफसलं, काळं पडलं, आणि रसायनशास्त्राआधी गृहशास्त्र शिकायला हवं होतं असं काकूंचं मत पडलं. दुसऱ्या वेळी स्टीलचं पातेलं आलं, वड्या पडल्या, महिनाभर गच्चीत मुरल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनी त्याच वाण म्हणून लुटल्या. फेस उत्तम, फरशी लख्ख निघते. फक्त तेलाला लागलेला लसणीच्या वड्यांचा वास काही गेला नव्हता. पुसून झालं की घरातल्यांना भूक लागते.

एवढं सगळं असलं तरी दिवाळीनंतर हमखास तुंबणारं आमचं तळमजल्याचं चेंबर हल्ली तुंबत नाही. चकल्यांचं तेल सिंकमध्ये जायचं थांबलं, त्याचं श्रेय काकांचंच.

तर यंदा तुमच्याकडेही तळणीचं तेल उरलं, तर पूर्ण थंड होऊ द्या, गाळा, कोरड्या बाटलीत भरा. पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका. काका स्वतः न्यायला येतील. त्यांना चकली देऊ नये, अशी काकूंची विनंती आहे.