हातचा एक

परवा लेकीचा बंगळुरूहून फोन आला. संगणकावर एक कोष्टक उघडून ती आमच्या संसाराची कुंडली भरत बसली होती. पेन्शन किती, ठेवी कुठं, त्या कधी पिकणार, आईच्या नावावर काय, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, "बाबा, घरात रोख किती असते?"

तेहतीस वर्षं सांगलीत पोरांना गणित शिकवलं, पण या प्रश्नाला माझी बोबडी वळली. माझ्या पाकिटात किती आहेत ते सांगता येतं. घरात किती, ते घरातल्या कुणालाच सांगता येणार नाही, कारण आमच्याकडची रोकड कधी एका माणसाच्या हिशेबात नव्हतीच.

बेरीज शिकवताना आम्ही "हातचा एक धरा" म्हणायचो. एक पोरगा हे इतकं मनावर घ्यायचा की खरोखर मूठ मिटून बसायचा. पुढच्या ओळीत तो मिळवायचा असतो, हे विसरायचा. तास संपला तरी मूठ तशीच, आणि उत्तर दहानं चुकलेलं. घरातल्या पैशाचा विचार करताना मला हल्ली तोच पोरगा आठवतो.

माझी आई हातचा धरण्यात पटाईत. भाजीतून दोन रुपये, रद्दीतून पाच, माहेरहून परत येताना भावानं हातावर ठेवलेले पन्नास. हे पैसे आधी पदराच्या गाठीत, तिथून डाळीच्या डब्यात आणि पुरेसे झाले की नोट होऊन ट्रंकेतल्या पैठणीच्या घडीत जात. १९७८ च्या जानेवारीत मोरारजी देसाईंच्या सरकारनं हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा बंद केल्या, तेव्हा आमच्या अख्ख्या वाड्याला त्याची झळ लागली नाही. दहा हजारांची नोट असते, हे आम्हाला ती बंद झाल्यावर कळलं. आईचा या घटनेवरून एक गैरसमज मात्र पक्का झाला, की सरकार बंद करतं ते श्रीमंतांच्या नोटा.

तो ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री मोडला. टीव्हीवर घोषणा झाली तशी आई उठून आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली आणि मला हळूच म्हणाली, "पाचशेची म्हणजे सगळीच का रे? पुष्कळ वापरलेली नसली तरी?" पैठणीतून साडेअकरा हजार निघाले. बँकेत भरून टाकू, असं मी सुचवलं तर तिला ते मुळीच पसंत नव्हतं. खातं दोघांचं आणि पासबुक बाबांच्या कपाटात. म्हणून पहिल्यांदा रांगेत उभी राहून तिनं चार हजार बदलून आणले. दुसऱ्यांदा गेली तोवर बोटाला शाई लावायला लागले होते. मतदानाची शाई मिरवणारी आई ते बोट चार दिवस पदराखाली लपवून वावरत होती. उरलेले शेवटी खात्यात भरावेच लागले. बाबांनी पासबुक भरून आणलं, नोंदीवर बोट ठेवलं, चष्मा वर केला, परत खाली घेतला आणि म्हणाले, "चहा टाक गं जरा."

घरात किती रोकड ठेवावी, याला आयकर कायद्यात मर्यादा नाही. ती कुठून आली एवढं सांगता यायला हवं. आईला तेच तर सांगता आलं नसतं. उत्पन्नाचं साधन काय, तर मेथीची जुडी.

बाबांच्या त्या मौनाचं कारण मला दोन वर्षांनी कळलं. ते गेल्यावर विम्याच्या पावत्यांची फाइल चाळत होतो, त्यात कार्बन कागदाच्या आड हजाराच्या तीन नोटा, इस्त्री केल्यासारख्या. आयुष्यभर पैपैचा जमाखर्च लिहिणारा माणूस स्वतःचा हातचा मिळवायला विसरला होता. मागच्या पट्टीत पंधरा भाषांत हजार रुपये लिहिलेले, वरून आठवी आपली मराठी, आणि एकाही भाषेत त्या नोटेचा कटिंग चहा येणार नव्हता. अशा जुन्या नोटा दहापर्यंत जवळ ठेवायला कायद्याची हरकत नाही. आईनं त्या परत फाइलीतच ठेवायला सांगितल्या. "असू देत. त्यांनी ठेवल्यात."

इतकं बघूनही मी शहाणा झालो नव्हतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी पंचेचाळीस. आम्ही गावभागातलं घर सोडून विश्रामबागेत मेहुण्याकडे गेलो. वीज नाही, फोन मेलेले, काही एटीएम पाण्यात आणि कोरड्या एटीएममध्ये पैसे नाहीत. मी निर्धास्त होतो. निघताना पाकिटात दोन हजारांच्या दोन करकरीत नोटा घातल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुधाच्या पिशव्या आल्याचं कळलं, रांगेत तासभर उभा राहिलो आणि ऐटीत गुलाबी नोट पुढं केली. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्यानं नोटेकडं बघितलं, मग माझ्याकडं. "सर, ह्याचं सुट्टं आणायला आता पोहत जाऊ काय?"

चार हजार रुपये खिशात असून मी दुधाच्या दोन पिशव्यांना महाग झालो होतो. मागं उभ्या असलेल्या बायकोनं कुंकवाच्या करंड्याची कापडी पिशवी उघडली आणि दहा-वीसच्या नोटांची गुंडाळी काढली, रबर लावलेली. ही गुंडाळी माझ्या घरात किती वर्षं राहत होती, मला पत्ता नव्हता. दुधाचे पैसे दिल्यावर तिनं मागच्या दोन अनोळखी बायकांनाही मोड दिली. त्या दिवसापासून 'किती' यापेक्षा 'कशात' हा प्रश्न मोठा, असं मी मानतो. आणि त्या गुलाबी नोटाही पुढं २०२३ मध्ये मागं घेतल्याच गेल्या.

लेकीचं गणित वेगळं आहे. सहा महिन्यांचा खर्च कधीही काढता येईल असा ठेवायचा, म्हणते. आमचा महिन्याचा खर्च पस्तीस हजार, म्हणजे दोन लाख दहा हजार. त्यातला महिन्याचा बचत खात्यात आणि बाकीचा मोडता येईल अशा ठेवीत, कारण बचत खात्याचं व्याज मोठ्या बँकांत आता अडीच टक्क्यांवर आलंय. हिशेब बिनचूक आहे, शंभरपैकी शंभर. मी फक्त तिला शेजारच्या काकांची गोष्ट सांगितली. निवृत्तीचे सगळे पैसे त्यांनी अर्धा टक्का व्याज जास्त म्हणून गावातल्या एकाच सहकारी बँकेत ठेवले. एके सकाळी दारावर निर्बंधांचा कागद लागला. तेव्हा ठेवीला विम्याचं संरक्षण होतं एक लाखाचं, १९९३ पासून तेवढंच. फेब्रुवारी २०२० मध्ये ते पाच लाख झालं, तेही एका माणसाला एका बँकेत, मुद्दल-व्याज धरून. एकाच बँकेच्या दोन शाखांत वाटून ठेवलं म्हणजे दोनदा मिळत नाही. काका रोज सकाळी फिरायला जाताना त्या बंद दारावरून जायचे. पैसे तिथंच आहेत ना, हे बघितल्यासारखे.

आता भाजीवाल्या मावशीसुद्धा चौकोनी ठिपक्यांचा कागद पुढं करतात. रोख लागते कुठं, असा लेकीचा सवाल. लागते बाई. आरतीच्या तबकात फोन फिरवता येत नाही. आहेराच्या पाकिटावरचा चिकटवलेला रुपया पाचशेच्या नोटेची वाट बघत असतो. रात्री दोनला दवाखान्याच्या खिडकीतला माणूस यंत्राला रेंज नाही म्हणतो. आणि कामाला येणाऱ्या ताईंना जेव्हा उचल हवी असते, तेव्हा ती त्यांच्या नवऱ्याच्या फोनवर टिंग करून चालत नाही.

तर कोष्टकातली एक चौकट रिकामी राहिली होती. बायकोला विचारावं तर ती "मला काय ठाऊक" म्हणणार. म्हणून ती देवळात गेल्यावर मी तांदळाचा डबा उघडला. गेल्या महिन्यात गॅसवाल्याला द्यायला त्यातलेच दोनशे मी गुपचूप घेतले होते, त्यामुळे जागा ठाऊक होती. कोपरापर्यंत हात घातला. गुंडाळी लागली, रबर तेच. मोजायला म्हणून सोडवली तर आत कॅलेंडरच्या कागदाची चिठ्ठी, तिच्या अक्षरात: "अहो, आधीचे दोनशे अजून आले नाहीत."